मान हलवू नकोस

प्रिय दोनभोवऱ्या,

आधीच सांगते, अक्षराला हसायचं नाही. नववीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं लांबलचक मी काहीच लिहिलेलं नाही. आणि शाळेत तरी काय? उभं राहून वाच म्हटलं की माझा घसाच बंद व्हायचा. बाई म्हणायच्या, बस खाली, तुझ्यापेक्षा तो पंखा जास्त बोलतो. पण आज मला कधी एकदा सांगते असं झालंय! पेन नुसतं धावतंय. बरंय हातात कात्री नाहीये.

मावशीच्या सलूनमध्ये तू आरसा बसवायला आलास तो दिवस आठवतोय ना? काचेच्या दुकानातून माणसाएवढा आरसा छातीशी धरून आलास आणि कुठे लावू म्हणून विचारलंस. मी सांगितलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तू म्हणालास, जरा मोठ्यानं कुजबुजा की. झालं, तेव्हापासून मी कुजबुज. मग स्क्रू घट्ट आहेत का बघायला आलास. मग परत आलास. मावशी म्हणाली, त्या आरशाला काही धाड भरलेली नाही, या पोराचाच कुठलातरी स्क्रू ढिला दिसतोय.

मला तेव्हा कटिंग शिकायला डोकं हवं होतं आणि कुणी देत नव्हतं. माझ्या भावानं एकदा दिलं आणि पुढे महिनाभर घरात टोपी घालून जेवला. तू मात्र आपणहून खुर्चीत बसलास. मावशीनं तुझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, अगं बाई, दोन भोवरे, म्हणजे याची दोन लग्नं! तू म्हणालास, मग पहिलं प्रॅक्टिसचं धरू. मला एवढं हसू आलं की पहिल्याच फटक्यात तुझ्या कानामागे खड्डा पडला.

दर सोमवारी सलून बंद असताना तुझं डोकं माझं, असं ठरलं. कटिंग झाली की मानेवरचे केस वाऱ्यानं उडतील म्हणून आपण नदीच्या पुलावर जायचो. केस कधीच उडून जायचे, आपण मात्र अंधार पडेस्तोवर तिथेच. आणि तूच एकदा म्हणालास, हे आपलं असंच हं, टाइमपास. मावशीनं तुला पास केलं की तू मोकळी, मी मोकळा. मी हो म्हटलं. माझ्यासारख्या घुमीशी कुणी याहून जास्त काय ठरवणार, असं वाटलं मला.

तुला एक माहीत नाही. समोरासमोर मला बोलताच येत नाही. पण तुझ्या मागे उभी राहिले ना, की आरशातल्या तुझ्याशी मी घडाघडा बोलते. बाबांचं घोरणं, दादाची टोपी, मला स्वतःचं सलून काढायचंय ते, सगळं तुला आरशातच सांगितलं. आणि तू आरशात एकदाही स्वतःचे केस बघितले नाहीस. बघितले असतेस तर उठून पळालाच असतास!

मावशीनं पहिल्यांदा परीक्षा घेतली तेव्हा ऐन कानाशी कात्री असताना तू शिंकलास. एक बाजू आखूड. नापास. दुसऱ्यांदा तुझ्या मानेला अचानक खाज सुटली. परत नापास. मी किती चिडले होते तुझ्यावर! शंभरदा बजावलं होतं, मान हलवू नकोस, मान हलवू नकोस.

मग गेल्या आठवड्यात मावशीनं मला तुझ्या दुकानात पाठवलं, हातआरसा आणायला. तू काच कापत होतास, म्हणून दारातच थांबले. श्वास रोखून एक सरळ रेघ ओढत होतास. नाकावर माशी बसली. ती नाकावरून भुवईवर गेली. तू ढिम्म! तुझे मालक म्हणाले, याच्या कानाशी ढोल बडवा, हलायचा नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे लबाडा! मी पास होऊ नये म्हणून शिंकत होतास तू! हातआरसा न घेताच मी पळत परत आले. मावशीनं विचारलं, आरसा कुठाय? मी आपली हसतेच आहे, हसतेच आहे.

पण मावशी आपल्या दोघांच्या वरताण. परवा तिनं तुझं डोकं घेतलंच नाही, समोरच्या इमारतीतल्या लिफ्टवाल्या काकांचं आणून बसवलं. काका खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागले, तसूभर हलले नाहीत. मी पास! तू दारात टोपी चुरगाळत उभा होतास. माझ्यासमोर येऊन म्हणालास, अभिनंदन, झालीस मोकळी. कापायला रेघ मारून ठेवलेल्या काचेसारखा तुझा चेहरा झाला होता. जरा धक्का लागला असता तर दोन तुकडे. मला ओरडून थांब म्हणायचं होतं, पण तू समोर होतास रे, आरशात नव्हतास. घसा बंद. आणि तू टोपी विसरून गेलास.

म्हणून हे पत्र. आज टोपी न्यायला ये असा निरोप मीच मावशीकरवी धाडला, आणि चिठ्ठी टोपीत आहे, खुर्चीत बसूनच वाच, हेही तिलाच सांगायला लावलं. आता वर बघ. आरशात. तुझ्या मागे उभी आहे ती मीच. मला मोकळं नाही व्हायचं. मला तू सोमवारी हवा आहेस आणि उरलेल्या सगळ्या वारीही. पहिलं लग्न प्रॅक्टिसचं आणि दुसरं खरं, दोन्ही एकाच मुलीशी चालतात का, ते मावशीला सावकाश विचारू, घाई नाही. तुझं उत्तर हो असेल तर बोलू नकोस, माझा परत घसा बंद होईल. आज माझ्या हातात कात्री नाहीये. आज खुशाल मान हलव.

तुझीच (हे लिहायला तीन कागद फाडले),
कुजबुज