वरच्या आळीचं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

साहेबांनी आज स्पष्टच सांगितलं — महिनाअखेर वरच्या आळीला पाणी चढलंच पाहिजे. नवी टाकी उभी आहे, रोज भरते आहे, खालच्या आळीत नळ धो धो वाहतात आणि वर थेंब नाही. वर्ष होत आलं. टँकर चढावर जात नाही. तो पायथ्याशी थांबतो आणि बायका कळशा घेऊन चढतात. मधे कुठेतरी एक जुना व्हॉल्व अडकलाय, हे नगरपालिकेत शिपायापासून सगळ्यांना माहीत. कुठे, ते कोणालाच नाही. जुने नकाशे वाळवीनं खाल्ले. मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर, पण जमिनीखाली काय आहे ते मला फिटर सांगतो, आणि फिटरला कधीकाळी तात्यांनी सांगितलेलं असतं!

तात्या म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं याच नगरपालिकेत व्हॉल्वमन होते. साहेब म्हणाले, "मॅडम, नकाशा तुमच्या घरात बसलाय. त्यालाच हलवा."

घरी आल्यावर विचारलं. तात्या वाटाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू. पाय चालले तर डोकं चालेल."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी पाणी सुटायच्या वेळेला दोघं निघतो. तात्यांच्या हातात त्यांची ऐकायची सळई — लोखंडी, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. खालचं पाणी त्यांना म्हणे स्वच्छ ऐकू येतं. मी कान लावला तर मला माझंच डोकं घूं घूं करताना ऐकू आलं.

"घाई करतेस सूनबाई. आधी आपण गप्प व्हायचं, मग ते बोलतं. वाहतं पाणी गुणगुणतं. अडलेल्या व्हॉल्वपाशी मात्र दातांतून शीळ घातल्यासारखं येतं."

रस्त्यात दर दहा पावलांवर त्यांना कोणीतरी थांबवतं. मला सगळे "तात्यांची सून" म्हणून ओळखतात. नऊ वर्षं नोकरी झाली, दारावर नावाची पाटी आहे, उपयोग शून्य.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर सळई आपटून म्हणाले, "इथे."

शनिवार, ८ फेब्रुवारी

दवाखान्याच्या कोपऱ्यावर पाच फूट खणलं. माती. फिटरनं माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे, तात्यांनी आभाळाकडे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शाळेच्या कुंपणापाशी खणलं. एक जुना बूट सापडला. तोही डावाच.

दुपारी वरच्या आळीतल्या शिंपीणबाई आल्या. दर बुधवारी येतात. अर्ज देत नाहीत, भांडत नाहीत, समोरच्या बाकावर बसून दम खातात आणि मग बोलतात. आज म्हणाल्या, "आमच्या नळावर मी टॉवेल वाळत घालते. तेवढा तरी उपयोग." मला हसू आलं आणि मग लाज वाटली. साठी उलटलेली बाई, दिवसाला सहा खेपा. मी म्हटलं, "महिनाअखेर नक्की." त्या म्हणाल्या, "कुठल्या महिन्याच्या?"

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तात्या विसरायला लागलेत का?

हे लिहितानाही हात अडतो. तो जाऊन दोन वर्षं झाली. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी कधी अडवलं नाही, विचारलं नाही, सल्ला दिला नाही. मी कामावरून आले की फक्त चहाचं आधण ठेवतात. माझं अंगण झाडायचं राहिलं की झाडून टाकतात आणि वर म्हणतात, वाऱ्यानं साफ झालं. अशा माणसाचं डोकं हळूहळू रिकामं होताना बघायचं? नको.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज चहा पिता पिता मी त्यांची परीक्षा घेतली. त्यांना कळू न देता — असं मला वाटत होतं. बाजारातला व्हॉल्व किती फेऱ्यांत बंद होतो? "तेरा. चौदावी मारलीस तर दांडा तुटेल." नदीकाठचा? "तो उलटा फिरतो. डाव्या आट्याचा. बसवणारा डावखुरा होता." दगडी पुलाखालचा पाइप कधी बदलला? साल सांगितलं, महिना सांगितला, त्या दिवशी जेवायला काय होतं तेही सांगितलं.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "झाली परीक्षा? पास का?"

पास. शंभर टक्के पास. मग वरच्या आळीचाच व्हॉल्व तेवढा कसा आठवत नाही?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तिसरा खड्डा. काही नाही. फिटर कंटाळून म्हणाला, "मॅडम, गावात आता चालायला रस्ता कमी, खड्डेच जास्त. तात्यांना घरी बसवा आणि दोन दिवस मला द्या." मी त्याच्यावर उगाच ओरडले. नंतर माफी मागितली. तो म्हणाला, "तुमच्या जागी मीही ओरडलो असतो."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज तात्या दात दाखवायला गेले होते. मी सळई घेतली आणि एकटीच निघाले.

खालच्या आळीतल्या शेवटच्या चालू व्हॉल्वपासून सुरुवात केली. चार पावलं, कान. चार पावलं, कान. पहिला अर्धा तास काहीच नाही. लोक बघत होते. मग कधीतरी मी खरंच गप्प झाले असेन — गुणगुण ऐकू आली! तिच्यामागून चालत राहिले. रस्त्यानं सरळ जाईल असं वाटलं होतं, पण ती वाण्याच्या दुकानाशी वळली. आमच्या बोळात. आमच्या फाटकातून आत. अंगणातून मागे, आणि मागच्या खोलीच्या भिंतीपाशी.

माझी खोली. लग्न ठरलं तेव्हा तात्यांनी बांधलेली. आत गेले, खाट सरकवली, फरशीवर सळई टेकवली.

शीळ. दातांतून घातल्यासारखी.

बांधकाम परवानगीचं टेबलही माझ्याचकडे आहे, बांधकामवाला निवृत्त झाल्यापासून. दुपारी जाऊन जुनी नोंदवही काढली. आमच्या घराला खोली वाढवायची परवानगी कोणी मागितलेलीच नाही. व्हॉल्वमननंच व्हॉल्ववर खोली बांधली!

शनिवार, २२ फेब्रुवारी

सळई मी चुकीच्या कोपऱ्यात ठेवली होती. तात्यांनी ती उचलून आपल्या जागी ठेवली.

रविवार, २३ फेब्रुवारी

नोटीस मला काढावी लागणार. सासऱ्यांच्या नावानं, माझ्या सहीनं. दोनदा लिहायला बसले. "आपणांस कळविण्यात येते की" यापुढे गाडी जात नाही.

त्यांनी आपणहून सांगावं, असं वाटतंय. मी एक दिवस थांबते. फक्त एक.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तो एक दिवस महागात पडला. शिंपीणबाई चढावर कळशीसकट पडल्या. उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात.

दवाखान्यात गेले. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात कामं सोडून?" त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मला शुक्रवारपासून माहीत होतं. शुक्रवारपासून!

घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. दिवेलागणीला परतले. सदऱ्याचा खांदा ओला होता. शिंपीणबाईंच्या घरचं पाणी भरून आले होते. त्र्याहत्तराव्या वर्षी. जेवले नाहीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी ऑफिसच्या खिडकीशी रांग होती. तिसऱ्या नंबरला तात्या. धुतलेला सदरा, हातात कागद. मी उठून बाहेर गेले, "आत या ना." म्हणाले, "रांग आहे, मॅडम." त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.

नंबर आल्यावर कागद पुढे सरकवला. त्यांचं ते तिरकं, जोर देऊन काढलेलं अक्षर: घराच्या मागील बाजूची खोली मी विनापरवाना बांधली आहे. तिच्या फरशीखाली वरच्या आळीचा व्हॉल्व आहे. खोली पाडण्याची परवानगी मिळावी. चूक माझी एकट्याची आहे.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"हो."

"मग एवढे खड्डे?"

"खोली तुझी आहे. दोघांची होती. भिंतीवरची फळी त्यानं ठोकलेली, वाकडी. ती कोणत्या तोंडानं पाडू म्हणू?" मग थांबून, "पण तिचा हात मोडला, सूनबाई. माझ्यामुळे मोडला."

"आपल्यामुळे," मी म्हटलं. "मला शुक्रवारी कळलं होतं."

"माहीत आहे. खाट चार बोटं सरकली होती."

मागचा माणूस खाकरला. मी अर्जावर शिक्का मारला. घरचंच प्रकरण म्हणून सहीसाठी साहेबांकडे पाठवला. त्यांनी अर्ज वाचून सही केली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

खोली रिकामी केली. फळी मी स्वतः काढली. खिळे त्यानं इतके खोल ठोकले होते की फिटर म्हणाला, "तुमच्या मिस्टरांनी पूल बांधायला घेतला होता काय?" हसू आलं. त्याच्या आठवणीनं पहिल्यांदाच रडू न येता हसू आलं.

अडीच फुटांवर व्हॉल्व सापडला. आतला पडदा दांड्यावरून निखळून खाली पडला होता, जेमतेम फटीतून पाणी झिरपत होतं. तात्या खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून फिटरला सांगत होते, "हळू. म्हातारा आहे तो." भिंत पाडताना मात्र ते अंगणात जाऊन झाडत बसले. अंगण स्वच्छच होतं.

शनिवार, १ मार्च

पाणी चढलं!

आधी नुसती हवा, मग गढूळ, मग नितळ. आळीभर बादल्यांचा आवाज. शिंपीणबाईंनी डाव्या हातानं नळ सोडला, टॉवेल काढायचं विसरल्या, तो भिजून चिंब. तात्या समोर उभे होते, मान खाली घालून. त्यांनी सगळं खरं सांगितलं बाईंना. खोली, खड्डे, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत काजं-बटणं तुम्ही करायची. सुई धरता येते ना?"

उद्यापासून जाणार आहेत. चष्मा पुसून ठेवलाय.

मी सध्या बाहेरच्या खोलीत झोपते, ते स्वयंपाकघरात. अडचण होते. पण वाईट नाही.

सोमवार, ३ मार्च

साहेबांनी बोलावून पाकीट दिलं. बदलीचा आदेश. माझ्या आईच्या गावी. नवरा गेल्यावर महिन्याभरात मीच अर्ज केला होता. नंतर तो मनातूनही गेला होता. मंजुरी जानेवारीतच आली होती म्हणे. साहेब म्हणाले, "वरच्या आळीचं पाणी चालू झालं की सोडायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्हाला बोललो नाही, कामातलं लक्ष उडालं असतं. तात्यांना तेवढं सांगून ठेवलं होतं."

म्हणजे खड्डे खणतानाही त्यांना माहीत होतं. व्हॉल्व सापडला की मी जाणार.

नकार तिथेच उभ्यानं लिहून दिला. घरी आले तर तात्या माझी ट्रंक पुसत बसले होते. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.