दादानं जोडलेले ब्रेक

प्रिय दादा,

तुला जाऊन तीन महिने झाले. इतके दिवस तुझ्याशी मनातल्या मनातही बोलायची हिंमत झाली नाही. आज लिहून राहिलो, कारण या आठवड्यात मी तुझ्या जीपची चारही चाकं खोलली.

वहिनीच म्हणाली, "संत्रा तोडीवर आला, भाऊजी. किरायाच्या गाडीत पेट्या किती दिवस धाडू? जीप चालू करून द्या." अपघातानंतरची दोन वर्षं ती गोठ्याजवळ उभी होती. टायर अर्धे मातीत गेले होते.

चाकांवरचा ब्रेकचा ड्रम निघता निघेना! हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत बसलो. निघाला तेव्हा आत सगळं तू लावलं तसंच होतं. ब्रेकचे शू बरोबर, दोन्ही स्प्रिंगा आपापल्या जागी, शूवरचं लायनर झिजूनही अर्ध्यापेक्षा जास्त शिल्लक. दादा, आपण दोघांनी हे ब्रेक बसवले तो दिवस आठवतो? तू म्हणाला होतास, "अश्या, दोन चाकं एकदम खोलू नको. एक शाबूत ठेव, विसरला तर पाहाले कामी येते." मी तेव्हा हसलो होतो. मास्तरकी मी करतो, अन् शिकवतोस तू!

मग चाकातला ब्रेकचा सिलिंडर खोलला. आतल्या रबराच्या वाट्या फुगून मऊ झाल्या होत्या, दुधात भिजलेल्या पावासारख्या. चारही चाकांत तेच. त्या रुमालात बांधून पांढुर्ण्याच्या मिस्तरीकडे नेल्या. त्यानं एक दाबली, वास घेतला अन् म्हणाला, "मास्तर, ब्रेकमध्ये इंजिनचं तेल कोनं टाकलं? रबर खाऊन टाकते ते. ब्रेक जोडणाऱ्याची काही चूक नाही यात."

मी तिथं बाकड्यावर बसलो. वाट्या पुन्हा रुमालात बांधल्या.

कोणी टाकलं ते मला माहीत होतं, दादा. माझं लग्न ठरलं होतं अन् मुलीकडच्या माणसांना जामसांवलीला देवदर्शनाला न्यायचं होतं. ब्रेकचं पेडल थोडं खाली गेल्यासारखं वाटलं. तू वावरात होतास. इंजिनाच्या तेलाचा डबा हाताशी होता. तेलासारखं तेल, म्हणून ब्रेकच्या तेलात ओतलं, अन् पाहुण्यांसमोर ऐटीत बसलो. त्या दिवशी ब्रेक लागले. तुला सांगायची गरजच वाटली नाही.

पुढच्याच आठवड्यात तू पेट्या भरून निघालास. मागे पेट्यांवर मोहगावचे महादेवकाका बसले होते. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत, जीप नाल्यात गेली. काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

खोटं लिहीत नाही. दवाखान्याच्या ओसरीवर मला तो डबा आठवला होता. आठवला, अन् मी तो विचार दाबून टाकला. काकू तुझ्यासमोर येऊन ओरडली, "सोताले लय मोठा मिस्तरी समजते! नागपूरले दाखवली असती गाडी, तर माह्या माणसाचा पाय राह्यला असता!" तू मान खाली घालून उभा होतास. मी तुझ्या शेजारीच उभा होतो, दादा. शेजारीच!

त्यानंतर तुझ्याकडे कोणी इंजिन दाखवायला आलं नाही. ज्या माणसाच्या अंगणात रोज कोणाची ना कोणाची मोटर खोललेली असायची, तो माणूस नुसता बाजेवर बसून राहायचा. काविळीनं तुला नेलं असं सगळे म्हणतात. तुझं जेवण मात्र कावीळ व्हायच्या कितीतरी आधीपासून अर्ध्यावर आलं होतं.

परवा सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, ब्रेकचं नवं तेल भरलं. नळ्यांतली हवा काढायला वहिनी पेडलवर पाय ठेवून बसली. मी चाकाखालून सांगत होतो, "दाबा, धरून ठेवा, सोडा." तिसऱ्या चाकाशी माझ्यानं राहवलं नाही. खालूनच म्हणालो, "वहिनी, ब्रेकमध्ये ते तेल मी टाकलं होतं."

तिनं पाय उचलला नाही. म्हणाली, "मालूम आहे."

मी बाहेर आलो. ती समोर पाहतच बोलली, "अपघाताच्या आठव्या दिवशी त्यायनं एक चाक खोललं होतं. तेल बोटाले लावून वास घेतला. इंजिनच्या तेलाच्या डब्यातलंही पाह्यलं. मग चाक लावून टाकलं. म्हणे, अशोकच्या लग्नाले पंधरा दिवस राह्यले, कोनाले सांगू नको. लग्न झाल्यावर मी म्हटलं, आता तरी बोला. तर म्हणे, तो सोता सांगन."

दादा, का रे असं केलंस? एक थापड मारायची होती! मी लहान होतो का? एकदा जेवताना तू विचारलं होतंस, "अश्या, काही सांगाचं आहे का?" मी म्हटलं, "नाही." तू भाकरीचा तुकडा मोडलास अन् पावसापाण्याचं बोलू लागलास. त्या 'नाही'नंतरही तू सव्वा वर्ष होतास. रोज एकाच पंगतीला बसत होतो आपण. किती दिवस दिलेस तू मला!

तुझ्या भरवशाला मी लायक नव्हतो, एवढंच खरं.

काल मी पहिल्यांदा जीप रस्त्यावर काढली. ब्रेक चांगले लागतात. वहिनीनं पेट्या भरायला घेतल्या आहेत.

उद्या रविवार. सकाळी मी मोहगावला जाईन. महादेवकाकांच्या अंगणात चार माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोरच सांगेन की ते तेल मी टाकलं होतं, तुझ्या हातानं काही चुकलं नव्हतं. काकू जे बोलेल ते खाली बसून ऐकेन. तिथून उठून ज्या ज्या घरी तुला नावं ठेवली गेली, तिथं जाईन. माफी मागायला नाही. ती ज्याच्याकडे मागायची, तो आता नाही.

तुझा भाऊ,
अशोक