दहाव्याचा कुरव

५ फेब्रुवारी

ठरलं. रविवारी भाट्याला जायचं. मोठा काळडोक्या कुरव, सीगलमधली दुर्मिळ जात, रत्नागिरीत आलाय आणि तो आमच्या पक्षी ग्रुपमध्ये फक्त मी पाहिलाय. तसं लिहिलं तर अ‍ॅडमिन हर्षद म्हणतो, फोटो नाही तर नोंद नाही. साधा सीगल असेल म्हणे. वर हसणारा इमोजी. एकवीस जणांनी तोच इमोजी टाकला. आता फोटो काढायचा आणि एक शब्द न बोलता ग्रुपवर टाकायचा. मला वादात पडायची सवय नाही. फोटोखालचा मजकूर मात्र लिहून ठेवलाय.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

बायको, अक्षया, म्हणाली, उद्या दाजींचा दहावा आहे, लक्षात आहे ना. दाजी म्हणजे तिचे मोठे मामा. माणूस चांगला होता, पण वेळ चुकली. जमणार नाही म्हटल्यावर तिने नुसतं बघितलं. मग कळलं की दहावाही भाट्यालाच, खाडीच्या तोंडाशी. कुरव बसतात तिथेच. प्रश्नच मिटला. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे नुसते उभे असतात. तेवढ्यात माझं होऊन जाईल.

८ फेब्रुवारी, पहाटे

झोप नाही. बॅटरी चार्ज आहे. परत पाहिली, आहे. अक्षया पांढरा शर्ट घाल म्हणाली. पांढऱ्याला पक्षी बुजतात. पानांच्या डिझाइनचं जॅकेट घातलं. रंग तसा गंभीरच आहे.

८ फेब्रुवारी, सकाळ

ओहोटी. प्रकाश उत्तम. गुरुजींनाच उशीर. वाळूच्या पट्ट्यावर कुरवांचा थवा, त्यात माझा नाही. चारदा जागा बदलली. अक्षया म्हणाली, एका जागी उभा राहा, लोक बघतायत. बघू देत.

नऊच्या पुढे

पिंड ठेवले. कावळे सुरूच्या झाडांवर बसलेत, खाली येत नाहीत. दाजींचा मुलगा संदेश हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन, बाग विकणार नाही. कावळे ढिम्म. मग सगुणामामींना आठवलं की दाजींना जावयाच्या मोठ्या कॅमेऱ्याने एक फोटो काढून हवा होता, तो राहिलाच. सगळे माझ्याकडे वळले. मीही हात जोडले आणि पुढच्या वेळी नक्की काढीन असं सांगितलं. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. बरं झालं. शांततेत पक्षी येतात.

दहा

ऊन चढतंय. प्रकाश वाया चाललाय. या लोकांना घाई म्हणून नाही. गुरुजी म्हणतात, आंबेवाले वानरांवर बंदूक धरतात, त्यामुळे इथले कावळे नळी ओळखतात, तर ती तोफ आवरा. माझ्या लेन्सला तोफ. मामी म्हणाल्या, जावईबापू, जरा लांब हुबे ऱ्हावा, माझा माणूस उपाशी ऱ्हायलाय. बोलताना रडल्या. मला खरंच वाईट वाटलं. शिवाय लांबून पट्टा जास्त चांगला दिसतो. गेलो.

थोड्या वेळाने

मागे गडबड ऐकू आली. कोणीतरी हाकही मारली. वळलो नाही. एकदा नजर लावली की हटवायची नाही, हा माझा नियम.

दुपार, रिक्षात

कावळा आलाच नाही म्हणे. एक पांढरा दांडगा पक्षी उतरला, पिंड खाल्ला आणि गेला. चोच पिवळी, डोकं काळं. कावळ्याऐवजी हा चालेल का, यावर वाद झाला. डोकं काळं आहे, चालेल, असं गुरुजींनी सांगितलं. मामी रडता रडता हसल्या. ह्यांना साधं काही चालायचंच नाही, कावळासुद्धा नाही, असं म्हणाल्या. मी अक्षयाला समजावलं की साधा सीगल असेल. फोटो नाही तर नोंद नाही. ती रिक्षाबाहेर बघत राहिली.

९ फेब्रुवारी

दाजींचा धाकटा जहाजावर असतो, त्याला येता आलं नाही. त्याच्यासाठी अक्षया फोनवर व्हिडिओ काढत होती. मला कोणी सांगितलं नाही. तो व्हिडिओ फिरत फिरत हर्षदपर्यंत गेला. आज ग्रुपवर त्यातला फोटो आला: मोठा काळडोक्या कुरव, भाट्ये, नोंद अक्षया वहिनी. टाळ्यांवर टाळ्या. तिला लगेच ग्रुपमध्येही घेतलं. मी लिहिलं, बघा, मी म्हणालो होतो.

फोटो नशिबाने आलाय. फोनचा आहे शेवटी. पंख उघडे, डोळा स्पष्ट, पण मागे एक माणूस आल्याने चौकट बिघडली. हर्षदनेही विचारलं, पाठ करून उभा आहे तो कोण. अक्षयाने लिहिलं, आमचे हे, पक्षी शोधतायत.

झूम करून पाहिलं. पक्षी माझ्या पाठीमागे, पाच-सहा पावलांवर.