दही लागेपर्यंत

३ एप्रिल, गुरुवार

दही लागलं नाही!

भोपाळचा एप्रिल. सकाळी विरजलं तर दुपारच्या जेवणाला दह्याची कवडी पडायची. आज संध्याकाळपर्यंत पातेल्यात दूध ते दूधच. दूधवाल्याला फैलावर घेतलं. म्हणाला, "माताजी, दूध तो वही है, पूरा बरखेड़ा पी रहा है."

हे विरजण माझ्या आईचं, अकोल्याचं. यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा डबा मांडीवर धरून रेल्वेने आणलं मी. परवाच्या पाडव्याचं श्रीखंड याच विरजणाचं! आणि पुढच्या गुरुवारी यांची बायपास, तर आत्ताच रुसायचं होतं त्याला.

या घरातून हातावर दही घेतल्याशिवाय कुणी मोठ्या कामाला बाहेर पडलेलं नाही. आमचा गौरांग बारावीच्या पेपरांना, मग पुण्याला नोकरीवर — प्रत्येक वेळी दही. तेही आईच्या विरजणाचं. मी यांना सरळ सांगितलं — दही लागेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही!

जन्मभर हे सगळं थोतांड म्हणणारा माणूस. निघताना "येतो" म्हण म्हटलं तर मुद्दाम "चला, निघालो" म्हणणारा. मला वाटलं, आता व्याख्यान ऐकायचं. तर नुसतंच म्हणाले, "बरं."

४ एप्रिल

आजही नाही.

स्वरदाने वाटीत डोकावून पाहिलं. (बहिणीची मुलगी. नागपूरहून पीएच.डी.साठी आली, राहते आमच्याकडेच.) म्हणाली, "मावशी, फाज असेल." फाज म्हणजे जिवाणूंना होणारा व्हायरस. मला हसूच फुटलं. म्हणजे जिवाणूंनाही पडसं होतं! पण पोरगी गंभीर. हा फाज म्हणे पाय फुटलेल्या इंजेक्शनसारखा दिसतो. जिवाणूवर उतरतो, आपला डीएनए आत टोचतो, आत पिल्लंच पिल्लं होतात आणि जिवाणू फुटतो. दही लावणारेच मेले तर दुधाने करायचं काय?

हिची पीएच.डी. त्यांच्यावरच. फाजचा डीएनए बिघडला तर तो दुरुस्त कसा करतो, हे ती बघते. हिच्यासाठी स्थळ बघताना मुलगी काय करते म्हणून सांगायचं, हा मला कायमचा घोर.

विरजणाचा नमुना बाटलीत घेऊन गेली. गाईड रजेवर आहेत, तपासायला वेळ लागेल म्हणाली.

यांनी पेपर बाजूला ठेवून सगळं ऐकलं. वर प्रश्नही विचारले! माझ्या बोलण्याकडे इतकं लक्ष कधी दिलं नाही.

६ एप्रिल, रविवार

यांनी माळ्यावरचं पाणी शुद्ध करायचं जुनं मशीन काढलं, त्यातली यूव्ही ट्यूब सोडवली आणि सुतळीने ओट्यावर टांगली. भांडी, झाकणं, चमचे — सगळे निळ्या उजेडात आंघोळीला. ट्यूब चालू असताना आत जायचं नाही, डोळे जातील. म्हणून दाराला कारखान्यातली जुनी "खतरा" पाटी, कवटीसकट. सकाळी देवाला नैवेद्य न्यायचा तो कवटीखालून!

शेजारीण खिडकीतून — "भाभीजी, डिस्को खोल लिया क्या?"

एक मात्र बरं झालंय. हल्ली माझ्याआधी उठून चहा हेच टाकतात. फाजमुळे माणूस सुधारला.

७ एप्रिल

फ्रीझरमधली राखीव वाटी होती, शेवटची. काल रात्री बाहेर काढून ठेवली होती. सकाळी बघते तर आत चोथापाणी, आणि वाटी चक्क कोमट. काय हा उन्हाळा! त्याचंही दही लागलं नाही, हे सांगायला नकोच.

यांना वाईट वाटावं की नाही? डोळे लकाकत होते! "अगं, ते फाज दुरुस्त झाले!"

यूव्हीने म्हणे डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, मग पुढे नक्कल निघत नाही. पण काही फाजपाशी स्वतःची कात्री असते. चिकटलं असेल तिथे कापायचं, खराब तुकडा काढून टाकायचा, समोरच्या चांगल्या धाग्यावर बघून नवा भरायचा. "काय फिटर आहे! कारखान्यात असा एक जरी असता ना!"

स्वरदा म्हणाली, "काका, हे माझ्या लॅबमधल्या फाजचं झालं. दह्यातल्याकडे कात्री आहे की नाही, मला माहीत नाही."

"फिटर तो फिटर," म्हणाले.

८ एप्रिल

इस्पितळात यांनी स्वतः फोन केला. मी दाराआडून ऐकलं. "घर में वायरस है, तारीख आगे बढ़ाइए." पलीकडची मुलगी काळजीने काहीतरी विचारत असणार. "नहीं नहीं, मुझे बुखार नहीं है. दही को है."

१७ तारीख मिळाली.

गौरांगचा पुण्याहून फोन. "आई, डॉक्टर म्हणाले होते ना लांबवू नका! पाकिटातलं दही आण आणि संपव!" पाकिटातलं! त्यात माझी आई कुठे आहे? फोन ठेवला आणि देवापाशी जाऊन रडले. लांबवायचं नाही हे मला कळत नाही का? पण दह्याशिवाय पाठवलं आणि काही झालं तर?

१० एप्रिल

आज बायपास व्हायची होती. हे दोन पोळ्या जास्त जेवले.

११ एप्रिल

नवा शोध. ऊन! काही जिवाणूंच्या अंगात असा एक कारागीर असतो, की उजेड मिळाला की तो ती चिकटलेली अक्षरं सोडवतो. डीएनए कुणाचाही असो — अगदी आत घुसलेल्या फाजचासुद्धा! म्हणजे चोराचा मोडलेला पाय घरमालकच बसवून देणार. इतकं भोळं कुणी असावं?

तर हे जवाहर चौकातून काळा कागद घेऊन आले आणि स्वयंपाकघराची खिडकी बंद केली. भर दुपारी चाचपडत स्वयंपाक. आमटीत मीठ दोनदा पडलं. जेवताना ती सगळ्यांनी ओरपली. मीसुद्धा.

दही? विचारू नका.

१४ एप्रिल

माझी मैत्रीण मालती आली, कोटरा सुल्तानाबादहून, रिक्षाने, हातात वाटी. तिच्याकडचं विरजण माझ्याच आईचं, मीच दिलेलं. हे आधी कसं सुचलं नाही! सुचलं होतं, पण यांनी हाणून पाडलं होतं. आज तर उंबऱ्यातच आडवे आले.

"मालतीबाई, थांबा! तुमच्या दह्यात अर्धमेले फाज असतील, आमच्याकडे तर आहेतच. एकटा मोडका फाज काही करू शकत नाही. पण दोन-चार मोडके एकाच जिवाणूत शिरले, की याचं इंजिन, त्याची चाकं — जुळवून एक धडधाकट उभा राहतो! त्यांची भेट घडवू नका!"

"भाऊजी, दही आणलंय मी, बॉम्ब नाही."

पण हे हलेनात. कपाळावर घाम. इतका घाम दह्यासाठी? बिचारी मालती पाणीही न पिता निघाली. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा तिची गोळ्यांची रिकामी डबी माझ्या मुठीत होती, आणि डबीत चमचाभर दही.

या वयात नवऱ्यापासून लपवून दही लावतेय! दूध कोमट केलं, डबीतलं दही घातलं आणि वाटी माझ्या कपाटात, शालूमागे. तिथे ना ट्यूब, ना ऊन, ना हे.

१५ एप्रिल

लागलं!!! सुरीने कापावं इतकं घट्ट. आई गं.

त्याचंच परत लावलं, कपाटातच. उद्या दाखवीन.

१६ एप्रिल

मिरवत वाटी यांच्यापुढे ठेवली. "घ्या! हरला तुमचा फिटर."

यांनी वाटी तिरकी करून पाहिली. "कुठे लावलंस?" "शालूमागे." "असं होय." उठले, ट्यूब उतरवली, सुतळीची नीट गुंडाळी केली, खिडकीचा कागद काढला, कवटीची पाटी माळ्यावर. मला वाटलं, इंजिनिअरचं नाक कापलं गेलं, म्हणून तोंड उतरलंय. थोडी मजाही वाटली मला.

जेवले नाहीत. फक्त विचारलं, "उद्याच ना?"

"उद्याच," म्हटलं.

१७ एप्रिल, गुरुवार. इस्पितळ

सकाळी हातावर दही ठेवलं. तळहात गार होता. चाटून म्हणाले, "छान लागलंय गं." आणि दारात म्हणाले, "येतो."

आत नेलंय.

आत्ता स्वरदाचा फोन आला. नमुना तपासून झाला. फाज नाहीच. एकही नाही. जिवाणू आहेत, पण सगळे मेलेले. "मावशी, ते विरजण कुणीतरी चांगलंच तापवलंय."

पहाटेचा चहा. कोमट वाटी.

अहो, भीती वाटत होती तर मला सांगायचं ना! मला काय कमी वाटतेय?

बाहेर या. मग बघते तुमच्याकडे.