पाण्याची सवय

बाबा, आज सकाळी धुक्यात डोंगा काढला आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं, मी आपल्या बुडालेल्या शेतावरून, धानाच्या बांधीवरून चालले आहे. खाली पाणी, वर धुकं, मधे मी. पूर्वी तिथं मोहाच्या वाळलेल्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर दिसायचा, त्यावरून आपली जागा ओळखू यायची. तो कधीच कुजून पडला. आता काहीच खूण नाही, तरी जागा कळते. कशी कळते ते सांगता येत नाही.

नवरा वारल्यावर मी लेकीला घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन वर्ष झालं होतं. नव्या वस्तीतली घरं सगळी एकसारखी, एका रांगेत. तुम्ही त्या दिवसांत दोनदा शेजारच्या दारात चपला काढल्या होत्या. आत परकी बाई भाकरी थापताना दिसली, तसे चपला घालून परत फिरलात. जन्मभर धान लावलेला माणूस, आणि पंचावन्नाव्या वर्षी वस्तीतल्या एका ढिवराच्या, मासेमाराच्या ओसरीवर जाळं विणायला शिकत बसला. तो तुमच्याहून कितीतरी लहान होता, तरी तुम्ही त्याला गुरुजी म्हणायचात. गाठ चुकली की तो हसायचा, तुम्हीही हसायचात.

मग तुमचा दमा वाढला. जाळं टाकलं की वल्हं मारायला श्वास पुरेना, म्हणून तुम्ही मला सोबत न्यायला लागलात. मला पाण्याचं इतकं भेव, की काठावर पाय धुतानाही मी दगड धरून ठेवायची. त्या दिवशी तुम्ही सहज बोट दाखवून म्हणालात, इथं आपली विहीर होती. मी खाली पाहिलं. हिरवं, थंड, खोल पाणी. मला वाटलं, वारलेली आई अजून तिथं घागर घेऊन उभी आहे आणि आपण तिच्या डोक्यावरून चाललो आहोत. मी किंचाळून उभी राहिले. डोंगा कलंडला, आपण कसेबसे वाचलो, पण तुमच्या हातातलं जाळं सुटलं आणि बघता बघता खाली गेलं. ते एकच जाळं होतं आपल्याकडे, चार महिने विणलेलं.

तुम्ही शिवी दिली नाही. डोंगा स्थिर होऊ दिला आणि म्हणालात, "डोंग्यात उभं नाही राहाचं, पोरी. रडाचं असन त बसून रड."

"मले नाही जमत, बाबा."

"मले तरी कुठी जमते? रोज सकाळी काठ सोडतानी भेव वाटते. वाटू दे. हात चालू ठेवाचा."

तोवर मला वाटायचं, तुम्हाला हे सगळं सोपं गेलं. मी बसून रडले, आणि रडत रडतच वल्हं मारत डोंगा काठाला आणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ओसरीवर पहिली गाठ मारत होता, आणि या खेपेला मी शेजारी बसले होते.

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा एकटी निघाले, तेव्हा तेच भेव. मग ते कधी वाटेनासं झालं, कोणत्या सकाळी, मला आठवत नाही. आता पवनीच्या बाजारात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मी रोहू साफ करते. वस्तीतल्या दोघी सुना माझ्याकडे वल्हं शिकायला येतात. तुमच्या नातीला तर खाली गाव होतं हे गोष्टीसारखं वाटतं. तिचं गाव हेच, ही रांग, हा काठ. धुक्यात मधूनच मला धानाचा वास येतो. मी वल्हं थांबवत नाही.

हा कागद घडी करून मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवणार आहे. पोस्टात टाकायचा तरी कुठल्या पत्त्यावर? एक सांगायचं राहिलं. दरवर्षी तुम्ही गेलात त्या तारखेला मी मेणबत्ती लावते, बुद्धवंदना घेते, चार घरी खीर देते. यंदा तो दिवस आला आणि गेला. दोन दिवसांनी आठवलं, तेही दिनदर्शिकेचं पान उलटताना. विसरले त्या दिवशी मासळी भरपूर लागली होती, बाबा, आणि मी डोंग्यात गाणं म्हणत होते.