दादाची सायकल, खाप्याची सडक

१४ मे ७४
वही आणून चार महिने झाले. रोज म्हणतो, उद्या लिहू. आज लिहितो, कारण घरात बोलायला कोणी नाही. बाबा मिलमध्ये. आई जाऊन तीन वर्षं. दादा दोन वर्षांमागं लग्नावरून बाबांशी भांडून गेला, तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. सायकल तेवढी ओसरीत, पोत्याखाली.
काल पोतं काढलं. सीटला निळं कव्हर, कडेला लाल दोऱ्याची फुलं. आमच्याकडं असं शिवणारं कोणी नव्हतं. पुसली, हवा टिच्च भरली. बाबांनी पाहिलं. अन् मिलला निघून गेले.

१६ मे
भर उन्हात उभी केली अन् टायर फुटला. शेजारच्या काकू कणकेच्या हातानंच बाहेर. नाक्यावरचे पंक्चरवाले कादरचाचा हसून बेजार. "अबे, मई में कोई इतनी हवा भरता है? भाई ने कुछ सिखाया नहीं?" मग हळूच म्हणाले, दादा खाप्याला आहे, मॅंगनीजच्या खाणीवर. ट्रकवाल्यानं सांगितलं.
दहा-अकरा कोस. जायचंच.

२१ मे
पहाटे निघालो. थंडगार सडक, आपल्याच चेनचा आवाज. कोराडीच्या तलावात उतरलो, जरा म्हणून. म्हशी धुणारा म्हातारा म्हणे, "कुठं जाऊन राहिला गा?"
"खाप्याले."
"मंग इथं काहून डुंबून राहिला?"
ऊन चढलं. परत.

९ ऑगस्ट
मडगार्डमध्ये काळी माती. काडीनं काढा, दहा पावलं जा, पुन्हा काढा. तरी मोठ्यानं गात होतो, ऐकायला नुसती कपाशीची पऱ्हाटी. पुढं पूल पाण्याखाली. खोटं कशाला लिहू, पाणी पाहून बरंच वाटलं. दादाला म्हणणार काय? घरी चल? बाबांनी पुन्हा हाकललं तर?

१९ ऑक्टो.
सकाळी धुकं. सीताफळं खात बसलो, खापा राहिलं.
बाबा पाळीवरून आले. चपला काढायच्या आधी वाकून टायर अंगठ्यानं दाबला. "आता थंडी पडते. थोडी जास्त भरत जा." या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. म्हणणार होतो, बाबा, दादा खाप्याला... तोवर ते मोरीत.

४ जाने. ७५
पाटणसावंगीपर्यंत. बागेत बाया संत्र्याच्या पेट्या भरत होत्या. "एकटाच फिरते काय रे बाबू? कोणी नाही का तुले?" हसल्या. एकीनं ओटीभर दिली. येताना उतार लागला, पाय सोडले. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी, अन् असं हलकं वाटलं की... हे सांगायचं कोणाला? दादाला कळलं असतं. त्यानंच मला दांडीवर बसवून असले उतार दाखवले.

२३ फेब्रु.
पोचलो. दोन्हीकडं पळस फुललेला, तरी थांबलो नाही. पहिल्यांदाच.
खाणीवरचा मुकादम म्हणे, "तो? पोळा झाला अन् काम सोडलं गा त्यानं. बायकोले घेऊन गेला कुठं तरी. संध्याकाळी सडकेवर बसे. नागपूरकडून सायकल दिसली का उभा राहे."
पोळ्यापर्यंत होता. पुलावरून मी परत फिरलो, तेव्हा होता.

२४ फेब्रु.
जेवताना बाबांना सगळं सांगितलं. तलाव, सीताफळं, सगळं. त्यांचा घास हातातच. मला वाटलं आता ताट फेकतील.
"रस्ता कसा आहे?"
"बरा आहे."
"हं."

२ मार्च
उठलो तर बाबा नाहीत. सायकलही नाही. पोतं घडी करून ठेवलेलं. नाक्यावर पळालो. कादरचाचा म्हणाले, "तेरा बाप हवा डलवा के गया. बोला, कम भरो, धूप बढ़ रही है. सावनेर की सड़क पूछ रहा था, वही खापा वाली."
पन्नाशीचा माणूस. कधी शेवटचा बसला असेल सायकलवर?

दुपार. वरचं लिहीत होतो, तोच दारात कोणी तरी. बाई, कडेवर लेकरू. हातात पिशवी, पिशवीच्या कडेला लाल दोऱ्याची फुलं. तिनं आधी रिकाम्या ओसरीकडं पाहिलं.
"भाऊजी, सायकल कुठं हाय? हे म्हणत, ओसरीतच असते."
मी तिच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत दादा दिसतो का पाहिलं. ती एकटीच आहे.