ट्राम किंचाळायची तिथं

ताश्कंद,
४ मार्च १९९८

चि. सनोबर हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या कोपऱ्यावर वळताना ट्राम कशी किंचाळायची! तो आवाज आज पहाटे पुन्हा ऐकला. स्वप्नात की जागेपणी, सांगता येत नाही. आई तंदुरापाशी बसून म्हणायची, की आली गं अडलेली बाळंतीण. आणि तू कानांत बोटं घालून खिदळायचीस.

पोस्टमन नबीनं तुझं पत्र दिलं. उर्गेंचचं घर आवरून शुहरतकडे नोवोसिबिर्स्कला कायमची निघालीस, हे बरं केलंस. आईबापानं मुलाजवळ असावं. ताश्कंदला विमान बदलताना मध्ये दुपारभर मोकळी आहेस म्हणतेस. आई गेली त्या वर्षानंतर आपली भेट नाही. माझे गुडघे तिकडच्या बर्फात चालणार नाहीत आणि तू काही परत इकडं येणार नाहीस. म्हणजे ही एक दुपारच आपली.

आईचा चाळिसावा करून निघताना तू एक घास चावून ठेवलेली नान अजून भिंतीवर टांगलेली आहे. उरलेली खायला यावंच लागतं, हे तूच तेव्हा मला बजावलं होतंस.

विमानतळावर येऊ का? नाहीतर टॅक्सीवाल्याला सांग, ट्राम किंचाळते तिथं सोड. चिनाराखालच्या चहाखान्यावरून डावीकडे. पुढचं तुला काय सांगायचं, पाय आपोआप नेतील. जर्दाळू फुललाय. शाळेत पाठ केलेली वसंताची कविता सोबत उतरवून देतो.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
तुर्गूनदादा


उर्गेंच,
१९ मार्च

ति. दादास,
सनोबरचा सलाम. वि. वि.

कविता वगळून पत्र वाचलं, ते फार थोडं निघालं.

विमानतळावर अजिबात येऊ नकोस. मागे मामींना आणायला गेलास आणि भलत्याच कुणाच्या सासूला घेऊन आलास. तिनं पोटभर पुलाव खाल्ला, झोपली, आणि संध्याकाळी विचारलं की आपण कोण. तेव्हा घरीच थांब. २ एप्रिलला दुपारी मी येतेच. पुलावात गाजर लांब चिरून घाल, किसू नकोस. भिंतीवरची नान पुसून ठेव. चहात बुडवून खाऊ. दात आता तुझेही नाहीत नि माझेही.

पत्ता मला काय सांगतोस? मी तिथलीच.

गुडघ्यांना जप आणि मला विसरू नकोस.
तुझी,
सनोबर


नोवोसिबिर्स्क,
११ एप्रिल

रा. रा. तुर्गूनसाहेब यांस,
सलाम.

दादा म्हणावं की नाही तेच कळेना, म्हणून असं लिहिते.

मी आले होते. योल्दोश नावाचा म्हातारा टॅक्सीवाला भेटला. ट्राम किंचाळते तिथं, एवढंच सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि बरोबर नेऊन सोडलं. पण तिथं ट्राम नाही, रूळ नाहीत. चिनार नाही, चहाखाना नाही. हा एवढा रुंद रस्ता, आणि आपल्या निळ्या फाटकाच्या जागी दिव्याचा खांब! कोपऱ्यावरच्या नानवालीला विचारलं तर म्हणाली, जुनी घरं केव्हाच गेली, कुणी तुर्गून तिला ठाऊक नाही.

मी खांबाला हात लावून उभी. योल्दोशनं दोन्ही तळवे वर धरले आणि तू गेलास असं समजून तो तुझ्यासाठी दुवा मागायला लागला! मी त्याच्यावर ओरडले, की माझ्या भावाचं पत्र आत्ता माझ्या पिशवीत आहे. मग मलाच रडू आलं, आणि तो बिचारा माझी समजूत घालत बसला. विमानाची वेळ झाली.

दादा, माझी पत्रं तुला पोचतात ती कुठं? मला टाळलंस का? आहेस की नाहीस, एवढं तरी कळव.

सनोबर


ताश्कंद,
२७ एप्रिल

चि. सनोबर हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आहे गं. म्हणजे, मला तरी तसं वाटतं.

त्या दिवशी मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होतो. मग जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावरचा रुमाल तुझाच वाटायचा. पुलाव पुन्हापुन्हा गरम करून लगदा झाला. वाटलं, तुलाच यायचं नव्हतं.

घर रस्त्यात गेलं, त्याला दोन वर्षं झाली. मला कालव्यापलीकडे नवी जागा दिली. हे तुला कळवलं होतं, अगदी शपथेवर सांगितलं असतं. पण नबी म्हणतो, असं पत्र तुम्ही माझ्याकडे कधी दिलंच नाहीत. बहुतेक मनातच लिहिलं. तू जुन्याच पत्त्यावर लिहीत राहिलीस आणि तो मुकाट्यानं इथं आणून देत राहिला. मला वाटलं, पत्रं पोचतात तशी तूही पोचशील.

आणि पत्ता दुसरा कसा सांगणार? इथं सगळे असेच सांगतात. शेजारी पाहुण्यांना पाडलेल्या हमामापाशी बोलावतो आणि ते वेळेवर येतात. मी आपला ट्रामपाशी बोलावून बसलो.

आता या नानेचं काय करू? तुझ्याविना खायची नाही आणि टाकायची तर मुळीच नाही. पार्सलात घातली तर तुझ्या हाती चुरा येईल. तू परत यायची नाहीस हे ठाऊक असून ती भिंतीवर बघवत नाही. उद्या उतरवून ट…

थांब, दार वाजतंय. नबी तर सकाळीच येऊन गेला.

सनोबर, दारात एक म्हातारा टॅक्सीवाला उभा आहे. विचारतोय, निळ्या फाटकाचे तुर्गूनदादा इथंच का? म्हणतो, रोज भाडं सोडल्यावर त्या खांबापाशी जाऊन विचारायचो. शेवटी नबी भेटला. मी जिवंत दिसलो म्हणून मागितलेली दुवा परत घेतोय आणि स्वतःच हसतोय. आत ये म्हटलं तर आधी हातातलं घ्या म्हणतो. रुमालात बांधलेली नान आहे, खांबाजवळच्या नानवालीची. कडक वाळलीय.

एका बाजूनं घास चावलेला आहे. पत्रात तू हे लिहिलं नव्हतंस.

तो अजून उंबऱ्यावरच उभा आहे आणि विचारतोय, खिळा आहे का?